सामायिक संगणकावर कोण बसले होते, हे कसे कळावे?

ताई, आपण कळवलेली परिस्थिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढील उत्तर नेमके कशाला उद्देशून आहे हे इतरांनाही समजेल. शाहूपुरीतील आपल्या अभ्यासिकेत सहा संगणक आहेत; चार विंडोज १० वर आणि दोन उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालतात. प्रत्येकावर गेस्ट म्हणून वापरायचे, पासवर्ड नसलेले ‘वाचक’ नावाचे एकच खाते आहे. त्यावर बसून सभासद स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात, प्रवेशपत्रे छापतात, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेतात. अलीकडे एका वाचकाच्या परीक्षा-खात्यातील मोबाईल क्रमांक त्याच्या नकळत बदलला गेला, त्याने त्याच संगणकावर नंतर बसलेल्या दुसऱ्या वाचकावर संशय घेतला आणि प्रकरण विश्वस्तांपर्यंत गेले. प्रत्येकाची स्क्रीन कार्यालयातून दिसेल आणि टाइप केलेली अक्षरे साठवली जातील असे एखादे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवावे, असे विश्वस्तांचे म्हणणे आहे. ते कोणते बसवावे आणि कायद्याने ते चालेल का, हे आपल्याला हवे आहे.

कोल्हापूर आणि परिसरातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, वाचनालये आणि काही कारखान्यांतील सामायिक संगणक सांभाळण्याचे काम मी करतो. हा प्रश्न मला बहुतेक ठिकाणी याच शब्दांत विचारला जातो आणि बहुतेक ठिकाणी त्यात तीन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. त्या वेळी खुर्चीवर कोण होते, हा पहिला. संगणकाने त्या वेळात काय केले, म्हणजे कोणते प्रोग्रॅम चालले आणि कोणता पेनड्राइव्ह लागला, हा दुसरा. आणि एखाद्या संकेतस्थळाच्या आत जाऊन कोणी काय बदलले, हा तिसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संगणक स्वतःहून चांगले देतो. पहिल्याचे उत्तर आपण व्यवस्था लावली तरच मिळते. तिसऱ्याचे उत्तर त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरवर असते. आपल्या संगणकावर त्याची सावलीसुद्धा क्वचितच उरते. आपल्याकडे झालेला वाद पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचा आहे, तर विश्वस्त जे बसवू पाहत आहेत ते सॉफ्टवेअर मुख्यतः दुसऱ्याचे आहे.

म्हणून सुरुवात खुर्चीपासून करू. सर्वजण एकाच नावाने आत जात असतील, तर कितीही बारीक नोंदी ठेवल्या तरी त्या सर्वांच्या पुढे ‘वाचक’ एवढेच लिहिलेले असेल. धर्मशाळेच्या वहीत प्रत्येक मुक्कामाला ‘एक प्रवासी’ असे लिहून ठेवण्यासारखाच तो प्रकार आहे. यावर उपाय दोन आहेत आणि कोणता निवडावा हे आपल्या संगणकांच्या संख्येवर व सभासदांवर अवलंबून आहे. प्रत्येक सभासदाला स्वतःचे खाते देणे सर्वांत चोख, परंतु मध्यवर्ती सर्व्हर नसताना ते सहाही संगणकांवर वेगवेगळे उघडावे लागते आणि विसरलेले पासवर्ड बदलून देण्यातच ग्रंथपालाचा दिवस जातो. दहा-पंधरा संगणकांच्या पुढे गेल्यास मध्यवर्ती लॉगइनची व्यवस्था मी स्वतःहून सुचवतो. सहा संगणकांसाठी मात्र प्रत्येक संगणकाचे वेगळे खाते, म्हणजे ‘वाचक१’ ते ‘वाचक६’, त्याला कार्यालयाने ठरवलेला व रोज बदलणारा पासवर्ड आणि टेबलावरचे रजिस्टर, एवढे पुरेसे होते. वाचक येतो, ओळखपत्र दाखवतो, रजिस्टरमध्ये सभासद क्रमांक, संगणक क्रमांक आणि वेळ लिहून सही करतो आणि मगच त्याला त्या दिवसाचा पासवर्ड मिळतो. कागदी रजिस्टर जुनाट वाटेल. पण माझ्या पाहण्यात जे वाद सुटले, त्यांत संगणकातील लॉगपेक्षा, म्हणजे तो स्वतःहून ठेवत असलेल्या नोंदींपेक्षा, या वहीने अधिक काम केले आहे.

या पद्धतीतील खरी फट वेगळीच आहे. वाचक चहाला उठतो आणि मागे त्याचा मित्र येऊन बसतो. स्क्रीन आपोआप लॉक होण्याची सोय येथे उपयोगाची नाही, कारण त्या संगणकाचा पासवर्ड दिवसभरात येऊन गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतो आणि लॉक उघडल्यावर आधीच्या वाचकाची उघडी पाने जशीच्या तशी समोर येतात. म्हणून काही मिनिटे संगणक नुसता पडून राहिला, तर लॉक न करता पूर्ण साइन-आउट व्हावे, असे करून घ्यावे. विंडोजमध्ये टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरलेली कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, असे काम लावता येते. प्रो किंवा एज्युकेशन आवृत्ती असेल, तर ‘शेअर्ड पीसी’ नावाची तयार व्यवस्थाही आहे. तीत गेस्टने साइन-आउट केले की त्याचे खाते आणि फायली पुसल्या जातात. ब्राउझरही बंद करताना कुकीज व इतिहास पुसेल असा ठेवावा. ज्या घटनेमुळे आपण हा प्रश्न विचारला ती, आपण दिलेल्या तपशिलावरून पाहता, बहुधा याच फटीतून घडली आहे: पहिला वाचक परीक्षा-खात्यातून बाहेर न पडता उठला आणि पुढे जो बसला त्याला ते खाते उघडेच मिळाले. शिवाय डाउनलोड फोल्डरमध्ये मागे राहिलेल्या आधार कार्डांच्या आणि जातीच्या दाखल्यांच्या प्रती आज उघडून पाहिल्यात, तर प्रत्यक्ष धोका कोठे आहे हे विश्वस्तांनाही लगेच पटेल.

आता संगणकाच्या नोंदी. यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील (नोंदी पाहण्याच्या तयार प्रोग्रॅममधील) ‘सिक्युरिटी’ लॉग पुरतो. यशस्वी लॉगइनची नोंद ४६२४ या क्रमांकाने, फसलेल्या प्रयत्नाची ४६२५ ने आणि वापरकर्त्याने स्वतः केलेल्या साइन-आउटची ४६४७ ने होते. प्रथमच पाहणारा माणूस ४६२४ च्या गर्दीने घाबरतो, कारण विंडोजच्या अंतर्गत सेवाही दिवसभर लॉगइन करत असतात. प्रत्येक नोंदीत ‘लॉगऑन टाइप’ हा रकाना असतो; प्रत्यक्ष कळफलकावर बसून केलेल्या लॉगइनसाठी तेथे २ असतो, लॉक उघडल्यास ७, दुरून रिमोट डेस्कटॉपने आल्यास १० आणि सेवांसाठी ५. आपल्याला मुख्यतः २ आणि ७ पाहायचे आहेत. कोणता प्रोग्रॅम चालवला याची नोंद ४६८८ ने होते, परंतु ती मुळात बंद असते; होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा संपादक, म्हणजे असे नियम बदलण्याची खिडकी, नसला तरी अॅडमिन अधिकाराने ‘ऑडिटपॉल’ ही आज्ञा वापरून ती चालू करता येते. या सर्व नोंदींना जोडणारा धागा म्हणजे ‘लॉगऑन आयडी’. एकाच बैठकीतील, म्हणजे एका सेशनमधील, लॉगइन, चाललेले प्रोग्रॅम आणि साइन-आउट यांवर तो एकच असतो; मात्र संगणक पुन्हा चालू झाल्यावर जुना आयडी पुन्हा येऊ शकतो, म्हणून तो नेहमी तारखेसह वाचावा.

वीज गेली तर साइन-आउटची नोंद होतच नाही. अशा वेळी ‘सिस्टम’ लॉगमध्ये आधीचे बंद होणे अनपेक्षित होते असे सांगणारी ६००८ क्रमांकाची नोंद पुढच्या वेळी संगणक सुरू झाल्यावर दिसते आणि बैठक साधारण केव्हा संपली असावी याचा अंदाज तिच्यावरून बांधावा लागतो. अभ्यासिकेतील जुन्या यूपीएसची बॅटरी दोन मिनिटेही टिकत नसेल, तर पावसाळ्यात अशा अर्धवट बैठका पुष्कळ सापडतील.

सिक्युरिटी लॉगचा आकार मुळात २० एमबी असतो आणि तो भरला की सर्वांत जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. ४६८८ चालू केल्यावर ही जागा फार लवकर भरते. त्यामुळे लॉगच्या गुणधर्मांत जाऊन ही मर्यादा पहिल्याच दिवशी वाढवावी. फोल्डर आणि फायलींवरील नोंद, म्हणजे ४६६३, संपूर्ण ड्राइव्हवर लावण्याचा मोह टाळावा. कार्यालयाचा एखादा सामायिक फोल्डर असेल, तर तेवढ्यावरच लावावी. जी नोंद कोणी वाचू शकणार नाही इतकी मोठी होते, ती ठेवून उपयोग काय?

घड्याळाचा मुद्दा किरकोळ वाटतो, परंतु वाद झाल्यावर बहुतेक चर्चा त्याच्यावरच अडते. जुन्या संगणकांतील मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असतो, बटण दाबताच तारीख काही वर्षे मागे जाते आणि इंटरनेट लागेपर्यंतच्या नोंदी त्या चुकीच्या तारखेनेच होतात. सेल स्वतः बदलता येतो आणि स्वस्त असतो. तो बदलावा, वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असे ठेवावे आणि रजिस्टरमधील वेळ भिंतीवरच्या घड्याळात न पाहता त्याच संगणकाच्या पडद्यावर पाहून लिहावी. आणखी एक बारकावा असा, की विंडोज या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत साठवते आणि दाखवताना भारतीय वेळेत बदलते. त्यामुळे नोंदीचा मूळ तपशील उघडला, तर सकाळी ११ ची घटना पहाटे ५:३० ची दिसते आणि त्या वेळी अभ्यासिका बंद होती, असा खोटा गोंधळ उभा राहतो.

उबुंटूच्या दोन संगणकांबद्दल थोडक्यात लिहितो. पूर्वी तेथे लॉगइन पडद्यावर तयार गेस्ट बैठक मिळत असे व ती संपताच तिच्या फायली पुसल्या जात. २०१७ मध्ये त्या बैठकीच्या सुरक्षा-कुंपणात दोष आढळल्याने ती मुळात बंद ठेवण्यात आली आणि त्याच वर्षीच्या १७.१० आवृत्तीपासून लॉगइन पडदाच बदलल्याने ती सोय राहिली नाही. आता साधे, प्रशासकीय अधिकार नसलेले खाते करून त्याचे होम फोल्डर प्रत्येक वेळी नव्याने भरण्याची व्यवस्था लावावी लागते. कोण केव्हा आत आले हे ‘लास्ट’ ही आज्ञा सांगते, फसलेले प्रयत्न ‘लास्टबी’ सांगते आणि अधिक तपशील हवा असल्यास ‘ऑडिटडी’ हा नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम बसवावा. ऑडिटडीचा मोठा गुण म्हणजे मूळ लॉगइन करणाऱ्याची ओळख वेगळ्या रकान्यात राहते. पुढे ‘सुडो’ ही आज्ञा वापरून तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी, झाला तरी तो रकाना बदलत नाही. टर्मिनलमधील आज्ञांचा इतिहास मात्र पुरावा समजू नये. ज्याचा तो इतिहास आहे, त्याला तो दोन सेकंदांत पुसता येतो.

नोंद जेथे होते तेथेच ती राहिली, तर ती अर्धवटच सुरक्षित असते. विंडोजमध्ये लॉग कोणी रिकामा केला, तर तशी ११०२ क्रमांकाची नोंद मागे उरते, पण तोपर्यंत हवे ते गेलेले असते. लॉग रिकामा करण्यासाठी अॅडमिन अधिकार लागतात, म्हणून अॅडमिनचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे हे आधी तपासावे. बऱ्याच अभ्यासिकांत प्रिंटर अडल्यावर मदत करणाऱ्या दोन-तीन जुन्या वाचकांना तो तोंडपाठ असतो, आणि मग वरील सर्व व्यवस्था दिखाऊ ठरते. ‘वेव्टयुटिल’ या आज्ञेने रोज रात्री लॉगची प्रत कार्यालयातील संगणकावर नेणारे काम शेड्युलरमध्ये लावावे. संगणक दर वेळी मूळ स्थितीत आणणारी डीप फ्रीझसारखी सॉफ्टवेअरे वापरत असाल, तर एक गोष्ट विसरू नये: ती वाचकाच्या फायलींबरोबर लॉगही पूर्वस्थितीत नेतात. लॉगची जागा न गोठवलेल्या पार्टिशनवर हलवल्याशिवाय अशा संगणकावर कालची कोणतीही नोंद मिळणार नाही. आणि आपली अभ्यासिका शाहूपुरीत आहे म्हणून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी कोठवर आले होते हे आपल्याला ठाऊक आहेच, तेव्हा ती प्रत तळमजल्यावरच्या टेबलाखालील कॅबिनेटमध्ये नसावी.

इंटरनेटच्या बाजूने पाहिल्यास बाहेरच्या जगाला आपले सहाही संगणक एकाच जोडणीच्या मागे दिसतात. एखाद्या आक्षेपार्ह संदेशाचा माग काढत पोलीस आले, तर ते अभ्यासिकेच्या जोडणीपर्यंत येतात आणि पुढचे सहा संगणकांतून एक निवडण्याचे काम आपल्या नोंदींवर पडते. इंटरनेट कंपनीने दिलेल्या साध्या राउटरची स्मरणशक्ती फारच तोकडी असते. तो बंद-चालू केला की त्याचा लॉग बहुधा जातो. डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) नोंदी ठेवणारा वेगळा छोटा संगणक लावला, तर कोणत्या संगणकाने कोणत्या संकेतस्थळाचे नाव विचारले एवढे कळते; त्या स्थळावरील नेमके पान किंवा भरलेला मजकूर कळत नाही, कारण तो आता जवळपास सर्वत्र एनक्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात, जातो. ब्राउझरमध्ये एनक्रिप्टेड डीएनएस चालू असेल, तर नावही हुकते. वाचकांच्या मोबाईलसाठीचे वायफाय या संगणकांपासून वेगळे ठेवावे.

आता विश्वस्तांच्या मूळ मागणीकडे येतो. टाइप केलेली प्रत्येक कळ साठवणारे सॉफ्टवेअर मी कोणत्याही सार्वजनिक संगणकावर बसवून देत नाही, आणि आपणही बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे येणारा वाचक परीक्षा-खात्याचा पासवर्ड, आधार क्रमांक, शुल्क भरताना बँकेचे तपशील आणि ओटीपी टाइप करतो. हे सर्व कार्यालयातील एका फाइलमध्ये जमा झाले, की उद्या कोणाचेही पैसे गेले तर पहिला संशयित आपली अभ्यासिका ठरते, आणि तो संशय दूर करण्याचे कोणतेही साधन आपल्यापाशी नसते. स्क्रीन पाहण्याबाबत माझे मत इतके टोकाचे नाही. व्हेयॉनसारखे विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत शिक्षक वापरतात आणि तेथे ते योग्यच आहे, कारण सर्व विद्यार्थी एकच दिलेले काम करत असतात. अभ्यासिकेत प्रत्येक जण स्वतःचे खासगी काम करतो. तेथे टेबलांची मांडणी अशी करावी, की पडदे मधल्या मोकळ्या जागेकडे वळलेले असतील आणि ग्रंथपाल फेरी मारताना साधारण काय चालले आहे हे उघडपणे दिसेल. त्याचा धाक छुप्या कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो.

कायद्याचे उत्तर थोडे परिस्थितीवर अवलंबून आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली २०११ मध्ये सायबर कॅफेसाठी नियम आले. त्यांत ओळखपत्र तपासणे, वापराचे रजिस्टर आणि संकेतस्थळांचा लॉग किमान एक वर्ष ठेवणे, कप्पे केले असल्यास त्यांची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक नसणे आणि बाकीचे पडदे मोकळ्या जागेकडे वळलेले असणे, अशा तरतुदी आहेत. हे नियम व्यवसाय म्हणून जनतेला इंटरनेट देणाऱ्यांसाठी आहेत. केवळ सभासदांना, वेगळे शुल्क न घेता सोय देणारी अभ्यासिका त्यांत बसते की नाही, यावर वकिलाचा सल्ला घ्यावा; बाहेरच्या माणसाकडून तासाचे पैसे घेत असाल, तर बसते असे धरूनच चालावे. मी दोन्ही परिस्थितींत नोंदी एक वर्ष ठेवण्यास सांगतो. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे आणि डिजिटल वैयक्तिक माहितीबाबतचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील मुलांचा माग ठेवण्यास व त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मुळात मनाई करतो. आपल्याकडे दहावी-बारावीची मुले येत असतील, तर हा मुद्दा विश्वस्तांपुढे ठेवण्याजोगा आहे.

जे नोंदवणार ते प्रत्येक संगणकाच्या वर मराठीत लिहून लावावे. मजकूर साधा असावा: ‘या संगणकावर कोण, केव्हा बसले व कोणते प्रोग्रॅम चालवले याची नोंद होते आणि ती एक वर्ष ठेवली जाते. आपण टाइप केलेला मजकूर नोंदवला जात नाही.’ डीएनएसच्या नोंदी ठेवत असाल, तर त्याचेही एक वाक्य वाढवावे. नोंदी कोणी आणि केव्हा उघडायच्या हेही ठरवून इतिवृत्तात घ्यावे. माझी शिफारस अशी, की लेखी तक्रार असल्याखेरीज उघडू नयेत आणि उघडताना दोन व्यक्ती हजर असाव्यात. आपला चिरंजीव अभ्यासिकेत खरोखर अभ्यास करतो का, हे लॉगमध्ये पाहून सांगा, अशी पालकांची विनंती हमखास येते. तिला नाही म्हणण्यासाठीही हा ठराव उपयोगी पडतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे साहाय्य (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, म्हणून वरील व्यवस्थेचा विचार करताना ते चार संगणक नव्या आवृत्तीवर किंवा उबुंटूवर नेण्याचाही विचार विश्वस्तांच्या त्याच सभेत व्हावा.

राहिला सध्याचा वाद. तो संगणक आज फॉरमॅट करू नये आणि नवी व्यवस्थाही त्यावर सर्वांत शेवटी लावावी. सिक्युरिटी आणि सिस्टम हे दोन्ही लॉग पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, ‘सर्टयुटिल’ वापरून त्यांचा शा-२५६ हॅश (फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारा तिचा अंकीय ठसा) काढावा, संगणकाचे घड्याळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे हे लिहावे आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. प्रकरण न्यायालयापर्यंत गेल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हाच हॅश लागतो. एकच खाते आणि पासवर्ड नाही, अशा स्थितीत या लॉगवरून बैठका केव्हा सुरू झाल्या, एवढेच कळेल. वाचक बदलताना कोणी साइन-आउट करतच नसेल, तर तेही कळणार नाही. कोण बसले होते हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि त्याच्या आधारे दुसऱ्या वाचकाचे सभासदत्व थांबवणे अन्यायाचे होईल. तक्रारदार वाचकाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या मदत केंद्राला लेखी कळवून क्रमांक कोणत्या दिवशी, किती वाजता बदलला हे विचारावे. ती नोंद त्यांच्या सर्व्हरवर असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय जुन्याच्या जागी जो नवा मोबाईल क्रमांक भरला गेला, तो कोणाचा तरी आहे. तो कोणाच्या नावावर आहे हे शोधण्याचा अधिकार आपल्याला किंवा मला नाही, परंतु वाचकाने राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार दिल्यास पोलीस ती माहिती मोबाईल कंपनीकडून मागवू शकतात. तक्रार द्यायची की नाही हे त्याने ठरवायचे आहे. आपण त्याला त्या दिवसाच्या लॉगची प्रत जपून ठेवल्याचे लेखी कळवावे आणि ती मागितल्यास पोलिसांनाच द्यावी.